किल्ल्या कोणाकडे आहेत, ते आधी बघा

पत्र थोडक्यात: माझं वय ५४. वडिलांनी सुरू केलेला शिलाई मशीन दुरुस्तीचा आणि सुट्या भागांचा व्यवसाय गेली २२ वर्षं मी चालवते. हाताखाली चौघं जण आहेत. कामाबद्दल तक्रार नाही, जुनी गिऱ्हाइकं टिकून आहेत, पण नवीन माणूस क्वचितच येतो. पुतण्या म्हणतो, "आत्या, तू नेटवर नाहीस म्हणजे तू नाहीसच." त्याच्याच ओळखीतून एक एजन्सी आली. वेबसाइट, सोशल मीडिया आणि गूगलच्या पहिल्या पानावर नंबर, असं वर्षभराचं पॅकेज त्यांनी समोर ठेवलंय. दहा दिवसांत सही हवी म्हणतात. आमच्याकडची एक मुलगी हौसेने इन्स्टाग्रामवर मशीन दुरुस्तीचे व्हिडिओ टाकते. लाइक्स भरपूर येतात, काम एकही आलेलं नाही. मला स्वतःला संगणकाची धास्ती वाटते. कधी वाटतं सगळं एजन्सीवर सोपवून मोकळं व्हावं, कधी वाटतं आपणच शिकावं. या वयात ते जमेल का, की उगाच हसं होईल?

ताई,

पुतण्याच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमची अर्धी घालमेल त्या एका वाक्याने केलेली आहे. "नेटवर नाहीस म्हणजे नाहीसच." ते प्रेमापोटी म्हटलेलं आहे, पण बहुधा खरं नाही. फोन हातात घ्या आणि तुमच्या व्यवसायाचं नाव शोधून बघा. आधी गूगलच्या सर्चमध्ये, मग गूगलच्या नकाशात. २२ वर्षं चालणाऱ्या व्यवसायाची काही ना काही नोंद सापडण्याची शक्यता मोठी आहे. नकाशावर नसलेली जागा कोणीही, म्हणजे अगदी तुमचं एखादं गिऱ्हाईकही, भरू शकतं. मालकाने काही केलं नाही तरी तिथे नाव चढतं, फोटो चढतात, अभिप्राय चढतात.

माझ्या ओळखीचे एक पुस्तकबांधणी करणारे गृहस्थ आहेत. आपण इंटरनेटवर नाही याची त्यांना तुमच्यासारखीच खंत होती. आम्ही दोघं त्यांच्या टेबलाशी बसून शोधलं, तर नाव सापडलं! पण खूण मागच्या गल्लीत होती, फोन नंबर कधीच बंद केलेला लँडलाइनचा होता, आणि नावाखाली लाल अक्षरात "कायमचे बंद" असं लिहिलेलं होतं. त्याखाली एका माणसाने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, "जुन्या वह्यांना पुठ्ठा चढवून मिळेल का?" गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रोजचं काम आहे हो हे माझं."

तेव्हा नेटवर आहोत की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. तिथे आपल्याबद्दल जे दिसतं ते बरोबर आहे का, आणि ते बदलण्याचा अधिकार आपल्या हातात आहे का, हे आधी बघायचं. त्यासाठी पॅकेज लागत नाही. गूगलवर व्यवसायाच्या प्रोफाइलचा, म्हणजे नकाशावरच्या त्या नोंदीचा, ताबा घेणं फुकट आहे. फोनने, व्हिडिओने किंवा ते सुचवतील त्या दुसऱ्या मार्गाने मालकी पटवावी लागते, आणि मग पत्ता, वेळा, फोन, फोटो सगळं तुम्ही दुरुस्त करू शकता. हे एक दुपारचं काम आहे. पडताळणीला आणखी काही दिवस लागतील, इतकंच.

आता दुसरं गृहीतक. नवीन गिऱ्हाईक येत नाही, आणि ते इंटरनेटवर नसल्यामुळेच येत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही. पण तुम्ही मशीन उघडण्याआधी काय करता? ते चालवून बघता, आवाज ऐकता. मोटर बदलायला आलेल्या माणसाला कितीदा तरी सांगता, की मोटर ठणठणीत आहे, पट्टा सैल झालाय. इथेही आधी आवाज ऐकू या.

फोनशेजारी एक साधी वही ठेवा. पुढचे पंधरा दिवस जो कोणी फोन करेल किंवा दारात येईल त्याच्याबद्दल चार गोष्टी लिहा: काय विचारलं (त्याच्याच शब्दांत), आमचं नाव कुठून कळलं, काम मिळालं का, नसेल तर का नाही. चौघांनाही लिहायला सांगा. पहिले दोन दिवस विसरायला होईल, मग सवय लागेल. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन निवांत बसा. कदाचित दिसेल, की लोक फोन करतात पण दुपारी फोन उचललाच जात नाही. कदाचित दिसेल, की घरगुती मशीनवाले येतच नाहीत, कारण तुम्ही फक्त कारखान्यांची मशीनं करता असा त्यांचा समज आहे. असं काही निघालं तर कितीही देखणी वेबसाइट केलीत तरी घोडं तिथेच अडेल. आणि असंही दिसू शकतं, की नवीन येणाऱ्यांतले निम्मे "नकाशावर बघून आलो" म्हणतात. मग पैसा आणि वेळ कुठे घालायचा हे तुम्हाला कोणी सांगायची गरज उरणार नाही.

त्या वहीतला पहिला रकाना, लोकांचे शब्द, हा खरा ऐवज आहे. लोक इंटरनेटवर "दर्जेदार आणि विश्वासार्ह सेवा" असं शोधत नाहीत. ते लिहितात: मशीन टाके सोडतंय, दोरा सारखा तुटतोय, खाली दोऱ्याचा गुंता होतोय. तुमच्या वेबसाइटवर काय लिहायचं हा प्रश्न या वहीने सुटतो. एक अडचण, एक पान.

उदाहरण म्हणून एकच पान घेऊ. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतो आणि खालचं सगळं सोडवत बसतो. तुम्हाला ठाऊक आहे, की बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दाबपट्टी, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, खाली असतानाच दोरा ओवला, तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही, वरचा ताणच राहत नाही आणि सगळा दोरा खाली साचतो. पट्टी वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा, एका चिंधीवर टाके घालून बघा. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. ती वाकलेली, बोथट किंवा उलटी बसवलेली असू शकते. एवढं करूनही थांबलं नाही तर मशीन आमच्याकडे आणा. या दीडशे शब्दांना दोन फोटो जोडा, एक चुकीच्या ओवणीचा आणि एक बरोबर ओवणीचा. पान तयार.

"फुकट सगळं सांगितलं तर आमच्याकडे कोण येईल?" असं तुमच्या मनात आलं असेल. ज्याचं काम दोरा पुन्हा ओवून भागतं तो तसाही तुम्हाला फारसं काम देणार नव्हता. पण ज्याचं भागलं नाही, त्याला एव्हाना कळलेलं असतं की या लोकांना मशीन समजतं. अनोळखी माणसाच्या हाती आपलं मशीन सोपवण्याआधी त्याला एवढाच विश्वास हवा असतो. असं पान तुमच्याऐवजी एजन्सीत बसलेला कोणी लिहू शकणार नाही. त्याला तुमच्या वहीतलं काही माहीत नाही.

आणि हेच मला तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल म्हणायचं आहे. सगळं सोपवायचं की सगळं स्वतः शिकायचं, या दोनच वाटा तुम्हाला दिसताहेत. पण कामं एका जातीची नाहीत. काही फक्त तुम्हीच करू शकता, जसं आत्ता सांगितलं ते लिखाण. काही खुशाल दुसऱ्याला द्यावीत: पानाची मांडणी, रंग, मागची तांत्रिक जोडणी, जाहिरातींचा हिशेब. आणि काही गोष्टी करायला कोणालाही द्या, पण त्यांची मालकी देऊ नका. वर्कशॉप साफ करायला माणूस ठेवतो, म्हणून जागेचे कागद त्याच्या नावावर करत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघी मिळून एक लहानसं प्रकाशन चालवत होतो. वेबसाइट एका हुशार मुलाने करून दिली, डोमेनचं नावही, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, त्यानेच घेतलं, स्वतःच्या ईमेलवर. आम्हाला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. उलट, सगळं तो बघतो म्हणून निश्चिंत होतो. पुढे त्याने नोकरी बदलली, तो ईमेल वापरणं सोडलं. मुदत संपत आल्याच्या सगळ्या सूचना त्या ओसाड पेटीत जाऊन पडत राहिल्या. एका सोमवारी सकाळी साइट उघडली तर तिथे आमचं काहीच नव्हतं, आणि त्याच नावावर चालणारे आमचे ईमेलही बंद. डॉट कॉमसारख्या नावांना, मुदत संपून नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस ते सोडवून घेण्याची सवलत असते, जादा पैसे भरून. पण ती मूळ नोंदणीदाराच्या खात्यातूनच. त्या मुलाला शोधून काढायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्याची काही लबाडी नव्हती, आम्हीच कधी विचारलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांतली झोप मात्र मला अजून आठवते.

म्हणून डोमेनपासून सुरुवात करा. डोमेन म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या जागेचं नाव. ते कायमचं विकत मिळत नाही, मुदतीने घ्यावं लागतं. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. नोंदणी तुमच्या किंवा व्यवसायाच्या नावावर हवी, ईमेल तुमचा, पैसे भरणारं खातं तुमचं. एजन्सीने ते घेऊन दिलं तरी हरकत नाही, पण रजिस्ट्रारकडचं, म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडचं, खातं तुमचं आणि पासवर्ड तुमच्याकडे. याच धर्तीवर होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तिथलं खातं, नकाशावरचं प्रोफाइल, सोशल मीडियाची खाती आणि साइटवर किती लोक आले ते मोजणारं खातं. गूगलच्या प्रोफाइलमध्ये मालक आणि व्यवस्थापक असे वेगळे दर्जे असतात. मालक तुम्ही, व्यवस्थापक एजन्सी. काम त्यांना तेवढ्याने करता येतं, आणि उद्या संबंध संपले तर एका बटणावर त्यांचा अधिकार काढता येतो.

या सगळ्यासाठी व्यवसायाचा एक वेगळा ईमेल काढा. पुतण्याचा नको, त्या मुलीचा नको, तुमचा खाजगीही नको. त्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय) लावा, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी नुसत्या पासवर्डवर कोणी आत शिरणार नाही. ती लावताना सुटकेचे काही आकडे दिले जातात, फोन हरवला तर वापरायला. ते छापून महत्त्वाच्या कागदांत ठेवा. आणि हे सगळं कुठे आहे ते घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. व्यवसायाचा धनी आजारी पडला आणि ईमेलही उघडता येईना, अशी वेळ कोणावर येऊ नये.

आता एजन्सीबद्दल. चांगल्या एजन्सीची मदत मोलाची असते, त्यांना सरसकट ठग समजू नका. पण "पहिल्या पानावर नंबर" या हमीवर मी सही करणार नाही. गूगलच्याच मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे, की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. नकाशावरच्या यादीत क्रम कशावरून लागतो हेही ते सांगतात: शोधाशी तुमचा मेळ किती, शोधणाऱ्यापासून अंतर किती, आणि तुमचं नाव किती ठाऊक आहे. पैसे देऊन तो क्रम वर नेण्याची सोय नाही, असंही तिथेच म्हटलेलं आहे. जाहिरात वेगळी, ती जाहिरात म्हणूनच दिसते आणि पैसे थांबले की थांबते. आणि मुळात कशाच्या शोधात पहिल्या पानावर? कोणी तुमचंच नाव टाकून शोधलं तर तुम्ही बहुधा आपोआपच वर दिसाल. हमी त्याचीच असेल, तर ती तुमच्या खिशातलं तुम्हालाच विकणारी हमी झाली.

त्यांना काही प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरंही लेखी मागा. डोमेन आणि सगळी खाती कोणाच्या नावावर असतील? करार संपला तर साइट, मजकूर, फोटो मला घेऊन जाता येतील का, की त्यांच्या यंत्रणेत अडकून राहतील? साइट कशावर बांधणार? वर्डप्रेससारख्या खुल्या, म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या प्रणालीवर असेल तर उद्या दुसरा कोणीही ती पुढे चालवू शकेल. मजकूर कोण लिहिणार? दर महिन्याच्या अहवालात काय असणार: लाइक्स आणि "पोहोच" (पोस्ट किती जणांना दिसली), की किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला, किती जणांनी मेसेज केला? तुमच्या आकाराच्या आधीच्या दोन गिऱ्हाइकांशी बोलायला मिळेल का? आणि शेवटचं, वर्षाच्या करारापेक्षा आधी एक लहान काम ठरवून देता येईल का? समजा फक्त नकाशावरची नोंद दुरुस्त करणं आणि पाच पानांची साइट. ते कसं करतात ते बघून पुढचं. या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा. प्रश्नांनी जो वैतागेल त्याच्याबद्दल तुम्हाला सहीआधीच कळलेलं बरं. दहा दिवसांची मुदत त्यांची आहे, तुम्ही ती मानायलाच हवी असं नाही.

वेबसाइटची गरजच काय, नुसता सोशल मीडिया पुरेसा नाही का, असंही कोणी तुम्हाला सांगेल. पुष्कळ लहान व्यवसाय सुरुवातीला तसे चालतातही. पण ती जागा दुसऱ्याची असते, आपण तिथे बिऱ्हाडकरू. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचा दुसरा कसलाच पत्ता नव्हता ते तेवढा वेळ हात बांधून बसले. गूगलने पूर्वी व्यवसायाच्या प्रोफाइलमधूनच एक फुकट छोटी वेबसाइट तयार करण्याची सोय दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली आणि त्या साइट्सही गेल्या. काही महिने जुना पत्ता उघडल्यावर माणूस प्रोफाइलवर पोहोचायचा, पुढे तेही थांबलं. म्हणून बिऱ्हाड जरूर थाटावं, लोक तिथे आहेत. पण स्वतःच्या नावाची एक लहानशी जागा असावी, आणि गिऱ्हाइकांची यादी, त्यांच्या संमतीने, आपल्याकडे असावी.

इन्स्टाग्रामवरून आठवलं. त्या मुलीच्या व्हिडिओंना "काम एकही आलं नाही" म्हणून नाकारू नका. तिने कोणी न सांगता कॅमेरा धरायला, कापायला, जोडायला शिकून घेतलंय. बघणारे लोक मात्र जगभर पसरलेले असतील. बंद मशीन चालू होताना बघायला मजा येते म्हणून लाइक करतात आणि पुढे जातात. तिचं खातं उघडून बघा. खात्याच्या वरच्या ओळखीच्या ओळीत, म्हणजे बायोमध्ये, तुमचं काम, ठिकाण, फोन आणि वेळा आहेत का? व्हिडिओत कुठे तरी सांगितलंय का, की मशीन आणायचं तर कुठे आणायचं? मग तिच्याबरोबर बसून वहीतले पाच प्रश्न निवडा आणि त्यांचे पाच व्हिडिओ करा. सुई कोणत्या बाजूने लावायची, एवढाच एक. बॉबिन कशी भरायची, एवढाच दुसरा. लाइक्स कमी येतील, पण ज्याला खरोखर अडलंय तो माणूस पोहोचेल.

तिच्याशी आणखी एक बोलणं लवकर करा, सगळं गोडीत आहे तोवर: ते खातं कोणाचं? तिचं स्वतःचं असेल तर ते तिचंच राहू द्या, आणि व्यवसायाचं नवं खातं व्यवसायाच्या ईमेलवर उघडा. तिने ते चालवायचं असेल तर कामाच्या वेळात त्यासाठी तास द्या आणि त्याचे पैसे द्या. हौसेवर चाललेलं काम हौस संपली की भिजत पडतं, आणि तोवर मनात कडवटपणाही साचतो.

साइटबद्दल थोडं भराभर सांगते. बहुतेक लोक ती फोनवर बघणार, म्हणून आधी फोनवर तपासा. नंबरावर बोट ठेवलं की फोन लागला पाहिजे. वेळा आणि पत्ता चित्रात लिहू नका, अक्षरांत लिहा. चित्रातला मजकूर कॉपी होत नाही, आणि अंध व्यक्तीचा फोन तो वाचून दाखवेलच असं नाही. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या उपकरणांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत हवा. जुन्या छपाईच्या फाँटमधून आणलेला मजकूर वेबवर निरर्थक अक्षरं होऊन बसतो. अक्षरं फिकट नकोत; अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ असावा, असा, कमी दिसणाऱ्यालाही वाचता यावं यासाठीचा, मान्य निकष आहे. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगल सांगतं, आणि तो दिसत नसेल तर दोष बहुतेक वेळा अवजड फोटोंचा असतो. साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस (https) हवं, ती सुरक्षित जोडणीची खूण. नसेल तर २०१८ पासून क्रोम ब्राउझर साइट "सुरक्षित नाही" असं दाखवतो. त्याला लागणारं सर्टिफिकेट २०१५ पासून फुकटही मिळतं. कोणी त्याचे वेगळे पैसे लावले तर कशाचे ते विचारा.

अभिप्राय मात्र मागा. काम घेऊन खूश होऊन जाणाऱ्याला सरळ म्हणा, "दोन ओळी लिहाल का?" पण त्याबदल्यात सवलत देऊ नका, आणि घरच्यांकडून खोटे लिहून घेऊ नका. दोन्ही गूगलच्या नियमात बसत नाही, आणि वाचणाऱ्याला ते कळतंही. वाईट अभिप्राय आला तर त्या दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे लिहा: काय झालं, आम्ही काय करायला तयार आहोत. ते उत्तर रागावलेल्या एका माणसासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं.

आणि आता वयाचं. हसं होईल का, असं तुम्ही विचारलंत. ताई, बंद खोलीतून मशीनचा आवाज ऐकून दोष सांगायला तुम्हाला किती वर्षं लागली असतील! पहिल्याच दिवशी मशीन खोलून तुम्ही सगळं शिकला नव्हता. संगणकाचंही तसंच. रोज वीस मिनिटं, एका आठवड्यात एकच गोष्ट. पहिला आठवडा ईमेल आणि पासवर्ड. दुसरा, उजेडात चांगला फोटो काढणं आणि तो फोनमधून संगणकात आणणं. तिसरा, नकाशावरची नोंद. मग वहीतल्या एका प्रश्नाचं उत्तर टाइप करणं. टाइप करणं जड जात असेल तर फोनला बोलून सांगा, तो मराठी लिहितो, चुका मागाहून सुधारा. मजकूर साइटवर चढवणं दोन महिन्यांनी आलं तरी चालेल.

धास्ती बहुधा याची असते, की काही तरी दाबलं आणि बिघडलं तर? जवळजवळ सगळं पूर्ववत करता येतं. चुकीचा फोटो काढता येतो, चुकलेली वेळ बदलता येते, पान मसुदा म्हणून ठेवता येतं. खरोखर जपायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, "गूगलमधून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही नाही. डोमेनची मुदत चुकवायची नाही. खातं कायमचं पुसण्याचं बटण घाईत दाबायचं नाही. आणि फोटो, मजकूर, गिऱ्हाइकांची यादी यांची एक प्रत दुसरीकडे ठेवायची. बाकी सगळीकडे बिनधास्त चुका.

हे सगळं फार चकचकीत असायला हवं, हेही मनातून काढा. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, ती तिथल्या शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज मिळावी म्हणून. पहिली वेबसाइट नुसता मजकूर आणि दुवे, एवढीच होती. १९९३ मध्ये सर्नने ते तंत्रज्ञान सगळ्यांसाठी मोकळं केलं, कोणाची परवानगी न घेता आणि पैसे न देता वापरता यावं म्हणून. जाणत्या माणसाने आपल्याला ठाऊक असलेलं लिहावं आणि गरजवंताला ते सापडावं, हे वेबचं मूळचं काम आहे. तुमचं दोऱ्याच्या गुंत्यावरचं पान त्यात अगदी चपखल बसतं.

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा. "नाव कुठून कळलं" या रकान्यात काय बदललं ते बघा. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन आहे. लोक कोणते शब्द शोधून तुमच्या साइटपर्यंत आले ते त्यात दिसतं. ते शब्द वहीतल्या शब्दांशेजारी ठेवले की पुढचं पान कशावर लिहायचं हे ठरतं. काहीच हललं नसेल तर मला पुन्हा लिहा, वहीची दोन पानं फोटो काढून जोडा, आपण बघू.

तूर्त दोन कामं. एजन्सीला ते प्रश्न ईमेलने पाठवा. मसुदा पुतण्याकडून तपासून घ्या, पण पाठवा तुमच्या नव्या ईमेलवरून. आणि त्यालाच या रविवारी तासभर बोलवा, नकाशावरच्या नोंदीचा ताबा घ्यायला. एक अट आधीच घाला: माउस आत्याच्या हातात राहील, त्याने शेजारी बसून फक्त सांगायचं.